बाकांवरची साद

युरोपातली सभागृहं गाजवून परतलेल्या गायिका व्हर्डेलने कृष्णवर्णीय गायकांचा स्वतःचा संच उभा केला आणि पहिला कार्यक्रम हट्टाने बाल्टिमोरमधल्या आपल्या लहानपणच्या चर्चमध्ये ठेवला. इथे एखादं शेंबडं पोर बेसूर गायलं तरी बाकांवरून साद यायची, "गा गं माझी बाय!" आज मात्र जर्मन गाणी एकामागून एक संपत होती आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. आपण आपल्याच माणसांना परके झालो, असं तिला वाटलं. शेवटचं गाणं कसंबसं संपवून ती खाली मान घालून उतरली, तोच पहिल्या बाकावरच्या ओझेलामावशींनी तिचा दंड धरला.

"झालं का गं सगळं? आता बोललं तर चालेल?"

"म्हणजे?"

"अगं, पाद्रीबाबांनी दम भरलाय. मोठ्या सभागृहातलं गाणं आहे, मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही!" मावशींनी दुसरा हात तिच्यापुढे धरला. "हे बघ, कशी गप्प बसले ते."

पांढऱ्या हातमोज्याची बोटं चावून चावून ओली झाली होती.