उणिवेचा रकाना

दिल्लीच्या विद्यापीठाचा फॉर्म भरताना राजनंदिनी ‘तुमच्या उणिवा’ या रकान्यापाशी अडली. आई असती तर तिनं एका दमात दहा सांगितल्या असत्या. पण आईला जाऊन सात महिने झाले होते. लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून चांगुणाआत्या शेवगावात मुक्काम ठोकून होती. आता विद्यापीठात निवड झाली, तरच सुटका होती.

तिनं वहीत आधी मराठीत कच्चं लिहिलं. बलस्थानं: वाचन, चिकाटी, आईच्या आजारपणातही न सुटलेला अभ्यास. उणीव: कुणालाही नाही म्हणता येत नाही.

“काय लिव्हतीस गं?”

“माझे गुण-दोष, आत्या. विद्यापीठाला कळवायचेत.”

“आगं, बायोडाट्यात तरी दुसरं काय लागतं? आन हिकडं. गुन तेवढं घेते, दोष कोन वाचतंय!”

आत्यानं वहीचा फोटो काढला. फोटो नीट यावा म्हणून राजनंदिनीनंच पान धरून ठेवलं.

चौथ्या दिवशी मिरजगावच्या स्थळाकडून होकार आला. “लई आवडलं त्यास्नी तुजं लिव्हलेलं,” म्हणत आत्यानं तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. राजनंदिनीनं आत्याच्या मोबाईलवर बायोडाटा उघडला. वाचन नव्हतं, चिकाटी नव्हती, अभ्यासही नव्हता.



‘मुलीचे गुण’ या मथळ्याखाली एकच ओळ होती: कुणालाही नाही म्हणता येत नाही.