चेनचा ताण

“थांबा, मी बसते,” म्हणत ती मोटरसायकलच्या मागच्या सीटकडे वळली.

मेकॅनिकने मान वर केली. “कशाला वहिनी? चेन बघून झालीसुद्धा.”

ती तिथेच थबकली. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं, मेकॅनिकनेच आणलेलं. ही शेवटची सर्व्हिसिंग झाली की सवत घराबाहेर जाणार होती. गाडीला हे नाव तिनेच ठेवलेलं.

नवरा जाऊन चार महिने झाले होते. एक नंबरचा घुम्या माणूस. आठवडाभर ‘हं’ आणि ‘बरं’वर भागवायचा. रविवारी सकाळी मात्र अंगणातून हाक यायची, “अगं, चेन सैल झालीय. बस जरा.” माणूस बसल्याशिवाय म्हणे चेनचा ताण कळत नाही. ती हातातलं काम टाकून, कुरकुरत मागे बसायची. तो खाली उकिडवा बसून चेन चाचपायचा आणि बोलत सुटायचा. ऑफिसातला साहेब, पोरीचं गणित, तिचा दुखरा गुडघा. मध्येच “हलू नकोस” म्हणून दटावायचा. मग चाचणी म्हणून दोघांची पुलापर्यंत एक चक्कर. घरी आलं की पुन्हा तोंडाला कुलूप. सवतीची सेवा झाली की स्वारी खुशीत येते, असंच तिने धरलं होतं. एकतीस वर्षं तिला या गाडीचा राग होता. आता त्या रविवारांसाठी जीव तुटायचा.

“पण दर रविवारी घट्ट करावी लागते ना?” तिने विचारलं.

मेकॅनिक हसला. “दर रविवारी घट्ट केली असती तर कधीच तुटली असती! ही चेन गेल्या वर्षी मीच बसवली. तेव्हा नटावर रंगाची रेघ मारली होती. बघा, तशीच आहे. दादांनी याला पान्हासुद्धा लावलेला नाही.”

“आणि माणूस बसवून ताण बघायचा ते?”

“छे! या गाडीची स्टँडवरच बघतात. बोटाने दाबली की झालं. एकट्याचं काम आहे.”

तिने वाकून बघितलं. नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळी रेघ सरळ गेली होती. केसभरही हललेली नव्हती. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

ती मागच्या सीटवर चढून बसली. पुढची जागा नेहमीसारखी मोकळी ठेवून.

“त्या गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणावं,” ती म्हणाली. “चेन सैल आहे.”