सलाईनचा वड

ऐन वटपौर्णिमेला पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलं, म्हणून कुमुदताई सकाळपासून फुगून बसल्या होत्या. शेवटी दिगंबररावांनी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. "यंदा तुझ्यासाठी उपास मी करतो, फेरेही मीच मारतो," म्हणत त्यांनी सलाईनच्या स्टँडलाच वड मानलं आणि नळीखालून वाकत, दोरा गुंडाळत प्रदक्षिणा सुरू केली.

"आजोबा, सुई निघेल!" सिस्टर ओरडली. "दोरा पायात अडकून पडलात, तर शेजारची खाट तुम्हालाच द्यावी लागेल."

कुमुदताईंनी हवेत नाक फिरवलं. "अहो, मिसळीचा वास येतोय."

"कँटीनमध्ये दुसरं काही नव्हतं गं."

"उपास मोडलात! सातातले तीन जन्म गेले."

दिगंबररावांनी सातवा फेरा पुरा केला, हात जोडले. "उरलेले चार जन्म तरी हीच बायको मिळू दे."

कुमुदताई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पुढचं राहू द्या हो. हाच जन्म जरा लांबवून मागा."

दिगंबररावांनी तोडायला घेतलेला दोरा तसाच ठेवला आणि आठवा फेरा धरला. या वेळी वाकावं लागलं नाही. सिस्टरने नळी वर धरली होती.