बातमीपुढचं प्रश्नचिन्ह

"कोटय्या, बाहेर या! गावाला उत्तर द्या!"

सांबशिवने माइक फाटकाच्या गजांतून आत सारला. यादगिरीने कॅमेरा खांद्यावर बसवला.

काल शाळेची गाडी कालव्यात कोसळली होती. दोन मुलं बुडाली. बाकीची म्हाताऱ्या ड्रायव्हर कोटय्यानेच ओढून काढली. पोलिसांनी त्याचं रक्त तपासायला घेतलं आणि जबाब नोंदवून घरी सोडलं.

कॅमेरामन यादगिरी हैदराबादहून आलेला, त्याला गाव नवं. सांबशिव चॅनेलचा इथला वार्ताहर. त्याने गाडी कुणालाही न विचारता थेट या दारात आणली होती.

फोन वाजला. न्यूजरूममधल्या बाई होत्या.

"मॅडम, दारूचं नक्की नाही," सांबशिव म्हणाला. "अहवाल यायचाय."

"मग पुढे प्रश्नचिन्ह टाकू. 'दारुड्या ड्रायव्हरने घेतले बळी?' तुला जमत नसेल तर सांग, विजयवाड्याहून दुसऱ्याला पाठवते. तो घरात घुसेल."

"नको. मीच करतो."

शेजारची म्हातारी कुंपणावरून थुंकली. "तुला रे कसं करवतं हे?"

"अण्णा, लक्ष देऊ नकोस," यादगिरी पुटपुटला. "आपल्या धंद्यात शिव्या रोजच्याच."

दार उघडलं. कोटय्या पायरी उतरताना अडखळला, भिंतीला धरून सावरला. गुडघ्याला पट्टी होती. ती कॅमेऱ्यात आली नाही, अडखळणं आलं.

"तुम्ही प्यायला होतात का?" सांबशिवने विचारलं.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाही साहेब. स्टिअरिंग फिरेना."

"मग ती दोन लेकरं?"

"एकीचा हात धरला होता मी." त्याने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "सुटला."

सांबशिवने माइक खाली घेतला.

"यादगिरी, ते अडखळणं काढून टाक."

"कसं काढू? थेट चाललंय सगळं."

नाक्यावरच्या चहाच्या टपरीतून टीव्हीचा आवाज येत होता. पडद्यावर म्हातारा पायरीवर झोकांडतोय, पुन्हा झोकांडतोय, पुन्हा. "पाहा, आजही पायावर उभं राहवत नाही!" निवेदिका ओरडत होती. सांबशिवने बाईंना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पोलिसांना लावला, ते म्हणाले, माणसं पाठवतो, वेळ लागेल.

तोवर कालव्याच्या बाजूने गलका उठला. चिडलेले गावकरी गल्लीत शिरले. पुढच्यांच्या हातांत काठ्या होत्या. एक दगड घराच्या पत्र्यावर आदळला.

"अण्णा, बस गाडीत!" यादगिरीने इंजिन सुरू केलं.

सांबशिव फाटकाला पाठ लावून उभा राहिला, हलेना. दोन्ही हात पसरून तो गर्दीकडे बघत ओरडत होता, "खोटं आहे ते! अहवाल आलेला नाही!" कुणी ऐकत नव्हतं.

कोटय्या लंगडत फाटकाबाहेर आला. त्याने सांबशिवला दंडाला धरून गाडीपर्यंत ओढत नेलं, आत ढकललं आणि दार लावलं. मग खिडकीतून यादगिरीपुढे हात जोडले.

"साहेब, माझ्या पोराला तेवढं इथून घेऊन जा."