रोधाचा रकाना

"पॅड बिघडलेला निघाला," मुलगी दारात चपला काढतेय तोवर अण्णांनी पलंगावरून सांगून टाकलं. "दुकानदाराने तुला चक्क गंडवलं."

तिचं स्वतःचं मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान आहे. विजेच्या वस्तूत तिला गंडवणारा अजून भेटायचाय. तिने खांद्यावरची पिशवी स्टुलावर ठेवली आणि मीटर बाहेर काढला.

पाठीच्या ऑपरेशनला दीड महिना झाला होता. पाय जागच्या जागी होते, पण अण्णांना ते कळत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, पायांना गरम-गार कळायला लागलं की समजा, चालाल. झालं. अण्णांनी शेकायचा विजेचा पॅड मागवून घेतला, वही आखली आणि स्वतःच्या पायांवरच प्रयोग लावला. रोज दुपारी दहा मिनिटं. पंधरा दिवसांच्या पंधरा नोंदी, सगळ्या एकसारख्या: 'ऊब जाणवली नाही.' आणि आज निष्कर्ष निघाला होता की पॅडच तापत नाही.

पॅडला नुसता हात लावून बघावं, हे त्यांना सुचलं नसेल असं नाही. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस तो. त्यांनी ते सुचू दिलं नव्हतं.

"आकडे मोठ्याने सांग," ते म्हणाले. "एककासकट."

"सांगते हो."

एकक लिहायला विसरलं की अण्णा अर्धा मार्क कापायचे. कितीही रडा, भेकाबिका, कापायचे म्हणजे कापायचे. शाळेत त्यांचं नावच 'अर्धा मार्क' पडलं होतं. मुलीलाही कधी सूट मिळाली नाही. उलट घरी आल्यावर तेच गणित दहा वेळा सोडवावं लागे, ते वेगळंच.

तिने पॅडच्या पिनांना मीटर लावला. "रेझिस्टन्स नऊशे वीस ओहम."

"रोध म्हण. पुढे?"

तिने भिंतीवरच्या प्लगात मीटर लावला. "व्होल्टेज दोनशे तीस व्होल्ट."

"विभवांतर. तुझ्या दुकानात मराठीला बंदी आहे का?"

तिला हसू आलं. मग तिने पॅड मांडीवर घेतला, करंट दाखवणारा आपला छोटा बोर्ड मधे जोडला आणि बटण दाबलं. काटा तिच्या बाजूला होता, अण्णांना दिसत नव्हता. तो चढला आणि पाव अँपिअरवर थांबला. दोनशे तीसचा पाव, साडेसत्तावन्न. पॅडवर छापलं होतं साठ वॅट. म्हणजे पॅड ठणठणीत होता. तीन-चार मिनिटांतच तिच्या मांडीला चांगली धग लागायला लागली.

तिने अण्णांच्या पायांकडे पाहिलं. डाव्या टाचेवर नाण्याएवढा लाल डाग उठला होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हा पॅड आता या घरात ठेवायचा नव्हता.

"धारा किती?" अण्णांनी विचारलं. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात, तसे ते तिच्याकडे बघत होते.

"पॉइंट एक," ती म्हणाली. "अँपिअर."

"म्हणजे शक्ती?"

"तेवीस वॅट. हवेत साठ. तापणार कुठून? दुकानात घेऊन जाते. पण दुरुस्तीला वेळ लागेल, अण्णा."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. नऊशे वीस ओहम ती मघाशीच सांगून बसली होती. दोनशे तीसला नऊशे वीसने भागलं की पाव येतं, दुसरं काही येतच नाही. शाळेतलं पोरही खोटं पकडेल, आणि इथे तर समोर अण्णा. मान खाली घालून ती बोर्डाच्या वायरी काढत राहिली.

अण्णा छताकडे बघत होते. ओठ हलत होते. ते हलले की भागाकार चाललाय, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मग ओठ थांबले. त्यांनी हात पुढे केला.

तिने पॅड चटकन पोटाशी धरला. तो अजून चांगलाच गरम होता.

"तो नको," अण्णा म्हणाले. "वही दे."

तिने उशीजवळची वही दिली. छातीवर वही टेकवून त्यांनी सावकाश, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं. मग वही तिच्याकडे फिरवली. "तपास."

विभवांतर: २३० व्होल्ट. धारा: ०.१ अँपिअर. शक्ती: २३ वॅट. शेरा: पॅड नादुरुस्त, प्रयोग थांबवला. सगळी एककं जिथल्या तिथे होती. रोधाचा रकाना तेवढा कोरा होता.

"अण्णा," ती म्हणाली. "रोध लिहायचा राहिला."

"राहू दे," अण्णांनी पेनाला टोपण लावलं. "माझा अर्धा मार्क काप."