आठच्या ठोक्याला

"तो डबा बघ गं जरा," आई म्हणाली. "तीन दिवस झाले, बिघडलाय."

डबा म्हणजे दादाने परदेशी जाताना कपाटावर ठेवलेला छोटा कॉम्प्युटर. घरातलं इंटरनेट त्याच्यावर चालतं, एवढंच धाकटीला ठाऊक होतं. आणि इंटरनेट तर चालू होतं. ती ऑफिसात दिवसभर सर्व्हरच सांभाळायची. ऑफिसचं झालं थोडं नि आईनं धाडलं घोडं, असं पुटपुटत तिने लॅपटॉप जोडला.

काळ्या स्क्रीनवर तिने कमांड दिली. डब्यात आपोआप चालणाऱ्या सगळ्या सर्व्हिस हिरव्या, एकच लाल, बंद पडलेली. तिचं नाव होतं 'आई'.

धाकटीने त्या सर्व्हिसची कॉन्फिग फाईल, म्हणजे तिला दिलेल्या सूचना, उघडली. मोजून दहा ओळी. रोज सकाळी आठला एका यादीतलं एक वाक्य उचलायचं आणि दादाच्या नावाने आईच्या फोनवर पाठवायचं. तिने यादीही उघडली. 'गोळी घेतलीस का?' 'गुडघा काय म्हणतोय?' अशी चाळीस वाक्यं होती. 'आज तुझी आठवण आली' हे सदतिसावं.

चार वर्षं आई हे मेसेज शेजारणीला वाचून दाखवत होती. आणि धाकटीला ऐकवत होती, "तो बघ, इतक्या लांबून रोज विचारतो. तू गावात राहून महिन्यातून एकदा तोंड दाखवतेस!" फाईलवरची तारीख तिने दोनदा वाचली. दादाच्या विमानाच्या आदल्या दिवसाची होती.

बिघाड क्षुल्लक होता. अपडेटमध्ये एका प्रोग्रामची जागा बदलली होती आणि फाईलमध्ये जुनाच पत्ता राहिला होता. एक ओळ सुधारली की झालं. तिचा हात काही पुढे होईना. तिने लॅपटॉप मिटला.

"डबा ठणठणीत आहे, आई. दादाच कामात असेल. करेल मेसेज."

"मी दादाचं नाव तरी काढलं का?" आई म्हणाली. "डबा बघ म्हटलं."

"तुला माहीत होतं?"

"अगं, शाळेची घंटा त्याला रोज घरातच ऐकू यायची. जन्मात कुठे वेळेवर पोचला नाही. आणि आठच्या ठोक्याला मेसेज? पहिल्याच आठवड्यात कळलं मला."

धाकटीने लॅपटॉप पुन्हा उघडला. "काढून टाकू सगळं?"

"नको. चालू कर." आई बराच वेळ चष्मा पुसत होती. "फक्त तेवढी वेळ मागेपुढे करता आली तर बघ. कधी उशीर होऊ दे त्याला."

तशी सोय असते. धाकटीने फाईल पुन्हा उघडली, पत्ता सुधारला, खाली नवी ओळ सुरू केली आणि आकड्यापाशी थांबली.

"किती उशीर करू?"

"मला काळजी वाटायला लागेल, इतका."