चकची चावी

चावी भोकात गेली, पण नुसतीच गरगर फिरली. काकूंनी ती उपसून काढली, उलटसुलट बघितली आणि आधीच्या दोन चाव्यांशेजारी ठेवून दिली. पहिली आत शिरतच नव्हती. दुसरीला दाते होते, ती ड्रिल मशीनची निघाली. आणि आता ही चौकोनी, ढिली.

लाकूड कातायच्या लेथच्या चकमध्ये स्टुलाचा एक पाय अडकून बसला होता. अर्धा कातलेला, अर्धा ओबडधोबड. त्याचे तीन भाऊ तयार होऊन कोपऱ्यात उभे होते. हा चौथा कातता कातताच काकूंचे यजमान छातीला हात लावून खाली बसले, ते परत उठले नाहीत. त्या उचलाउचलीत, माणसांच्या गर्दीत चकची चावी कुठे गेली, देव जाणे. आणि चक म्हणजे लेथचा जबडा. चावी नसेल तर तो उघडत नाही नि आवळतही नाही.

फर्निचरवाला मशीन घ्यायला तयार होता. पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "चक उघडून दाखवा, मी चालू मशीन म्हणून नेतो. नाहीतर भंगारात धरावं लागेल."

भंगार हा शब्द काकूंना झोंबला होता. मशीन विकायचं दुःख त्यांनी गिळलं होतं. घरात आता ते चालवणार कोण? पण इतकी वर्षं तेलपाणी करून जपलेलं मशीन भंगारात? ते नाही.

"वहिनी, सोडा ना नाद," नणंद म्हणाली. भाऊ गेल्यापासून ती सोबतीला इथेच राहिली होती. "बोटभर चावी ती. तिच्यापायी किती वणवण करायची?"

"तो उद्या येतोय. तोवर करते वणवण."

या खेपेला काकूंनी भोकाचं मापच घ्यायचं ठरवलं. घट्ट मळलेली कणीक भोकात दाबली, अलगद काढली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून, आधीच्या चाव्या जिथून आणल्या होत्या त्या हत्यारांच्या दुकानात नेली. दुकानदाराने फडकं उलगडलं. बराच वेळ तो त्या गोळ्याकडे बघत राहिला.

"काकू, बेकरी पलीकडच्या गल्लीत आहे."

काकूंना हसू फुटलं. कित्येक दिवसांत त्या हसल्या नव्हत्या. दुकानदारही हसला आणि म्हणाला, "कणीक आक्रसते हो. मेण ओतून बघा. पण आधी भोक नीट कोरून काढा, नाहीतर मळाचंच माप घेऊन याल."

मेण तर काकूंच्या हाताखालचंच. यजमान कातायचे आणि त्या मेण लावून पॉलिश करायच्या. लेथच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला या. अख्खा संसार असा समोरासमोर झाला. ते चहाला आत गेले की काकू हळूच पटाशी उचलून लाकडावरून एखादा हात फिरवून घ्यायच्या. परत आल्यावर ते तुकड्याकडे बघायचे, मान डोलवायचे आणि पुढे कातायला लागायचे. चहाला मात्र नंतर नंतर त्यांना जरा जास्तच वेळ लागायला लागला होता.

काकूंनी केसातली पिन काढून भोक कोरलं. दगडासारखा बसलेला भुसा निघाला, निघतच राहिला. मग आतून तेलाचं बोट फिरवून त्यांनी वितळलेलं मेण ओतलं. थंड झाल्यावर ते सबंध सुटून हातात आलं.

दुकानदाराने ते उजेडात धरून फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, मी तुम्हाला चौकोनी देत बसलोय! याला सहा बाजू आहेत." तो मागच्या कपाटात शिरला आणि आडव्या मुठीची, सहा कडांची एक चावी घेऊन आला. "ही बसली नाही तर मी दुकान बंद करतो."

बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ती भोकात घातली, तेव्हा कुलपात किल्ली जावी तशी ती सरळ आत गेली. नणंद दारात उभी होती. "मिळाली एकदाची! उघडा, वहिनी, तो येईलच इतक्यात."

काकूंनी आधी स्टुलाच्या पायाला हात लावून बघितला. तो हलला. एवढ्या दिवसांत लाकूड वाळून बारीक झालं होतं आणि जबड्यात सैल पडलं होतं. चक उघडायचा तर मूठ डावीकडे फिरवायची. काकूंनी ती धरली. क्षणभर तशीच धरून ठेवली.

मग उजवीकडे फिरवली. एकदा, पुन्हा एकदा, पाय हलायचा थांबेपर्यंत.

त्यांनी चावी काढून खिळ्याला अडकवली, पदर खोचला आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, मग सुरात आलं. नणंद काहीतरी म्हणाली, पण ते ऐकू आलं नाही. काकू आज पहिल्यांदाच उघडपणे यजमानांच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पटाशी टेकूवर ठेवली, कोपर अंगाशी धरलं आणि धार लाकडाला लावली. पहिला घास खोल गेला, पटाशीने झटका दिला. त्यांनी मूठ वर-खाली करून बघितली. मग लांब, पातळ ढलपी सुटली आणि वळत वळत त्यांच्या मनगटावर येऊन पडली. तिच्यामागून दुसरी. काकूंचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही.

पाय कातून झाला तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं. मागे वळून बघितलं, तर दारात नणंदेशेजारी फर्निचरवाला उभा होता. त्याच्या खांद्यावर दोरखंड होता आणि बाहेर टेम्पो.

"वा, काकू! झकास चालतंय की," तो म्हणाला. "म्हणजे मिळाली चावी?"

"मिळाली," काकू केसातला भुसा झटकत म्हणाल्या. "म्हणूनच आता मशीन नाही मिळायचं."